सुकाण्याचं इंग्रजी

चौल-रेवदंड्याच्या पट्ट्यातून जी पोरं बोटीवर जायला निघतात, त्यांना पाण्याची भीती नसते, उंचीची नसते, घर सोडून राहण्याचीही फारशी नसते. धास्ती असते ती मार्लिन्सची. मार्लिन्स म्हणजे दर्यावर्दी माणसांसाठीची इंग्रजीची परीक्षा. संगणकासमोर कानाला हेडफोन लावून बसायचं, ऐकायचं, वाचायचं, उत्तरं निवडायची. व्याकरण, शब्द, आकडे आणि वेळा, उच्चार, ऐकलेलं समजणं, वाचलेलं समजणं असे तिचे भाग. पास-नापासचा शिक्का परीक्षा घेणारे मारत नाहीत, ते नुसते टक्के देतात. खलाशाला किती टक्के हवेत, बोसनला म्हणजे खलाशांच्या मुकादमाला किती, थर्ड मेटला म्हणजे धाकट्या अधिकाऱ्याला किती, हे ज्याची त्याची कंपनी ठरवते. त्यामुळे तोच पोरगा तेच टक्के घेऊन एका ऑफिसातून हसत बाहेर पडतो आणि दुसऱ्या ऑफिसातून मान खाली घालून.

या परीक्षेची तयारी मी पोरांकडून करून घेतो. मी मास्तर नाही. खलाशी म्हणून बोटीवर चढलो आणि बोसन म्हणून उतरलो, मधली बरीच वर्षं सुकाणावर काढली. आता रेवदंड्याला वाडीतल्या घराच्या ओसरीवर संध्याकाळी पोरं बसतात. जून-जुलैत मासेमारी बंद असते, होड्या शाकारून वर ओढलेल्या असतात, तेव्हा ओसरी भरते. एरवी चार-पाच जण. कोळीवाड्यातले असतात, आगरी असतात, मुरूडकडची कोकणी मुसलमान पोरं असतात. फी मी घेत नाही. पेन्शन नसली तरी साठवलेलं पुरतं, आणि वाडी आहे.

यातली बहुतेक पोरं शाळेत दहा वर्षं इंग्रजी शिकलेली. २००० सालापासून महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आहे. जीपी रेटिंगच्या, म्हणजे खलाशी व्हायच्या, सहा महिन्यांच्या कोर्सला बसायचं तर दहावी किंवा बारावीला इंग्रजीत ४० टक्के लागतात. तेही त्यांच्याकडे असतात, काहींकडे ७० असतात. पहिल्या दिवशी मी त्यांना इंग्रजीत एक साधी गोष्ट सांगतो: दाराबाहेर बादली आहे, ती उचलून विहिरीच्या डाव्या अंगाला ठेव. थोडं भरभर सांगतो, मुद्दाम. जवळजवळ प्रत्येक जण म्हणतो, "येस सर." आणि जागचा हलत नाही.

त्याला बादली कळलेली असते, विहीर कळलेली असते, मधलं काहीतरी निसटलेलं असतं. निसटलं एवढं सांगायला तो धजत नाही. शाळेत न समजलेलं पोर गप्प बसायला शिकतं, आणि अंगावर आलं की मान डोलवायला. त्यात पोराचा दोष मी मानत नाही. साठ जणांच्या वर्गात "कळलं नाही" म्हणणाऱ्याची हसून वाट लावतात, हे त्याने पाहिलेलं असतं. पण बोटीवर हीच सवय घेऊन गेलेला खलाशी स्वतःच्या आणि दुसऱ्याच्या जिवावर उठतो. बोटीवर न कळता म्हटलेला "येस सर" हा सगळ्यात वाईट शब्द आहे, आणि माझी सगळी शिकवणी त्याला पोरांच्या तोंडातून काढण्यासाठी आहे. व्याकरण नंतर येतं.

दक्षिण कोरियातल्या एका बंदरात आम्ही शिरत होतो. पहाट होती, धुकं होतं, पायलट चढलेला, सुकाणावर मी. पायलट म्हणजे त्या बंदराचा माहीतगार. तो हुकूम देतो, सुकाणी तो हुकूम मोठ्याने परत म्हणतो, चाक फिरवतो, आणि फिरवून झालं की झालं म्हणून सांगतो. "स्टारबोर्ड टेन." "स्टारबोर्ड टेन, सर." चाक फिरतं, रडर दाखवणारा काटा दहावर येतो. "व्हील इज स्टारबोर्ड टेन, सर." असं चाललेलं. मग त्याने नवा कोर्स सांगितला. झीरो कळलं, फोर कळलं, तिसरा आकडा फाइव्ह की नाइन ते कळेना. त्याच्या तोंडी दोन्ही सारखेच येत होते. चार अंशांचा फरक. कागदावर तो काहीच वाटत नाही, पण चार अंश चुकून जहाज एक सागरी मैल गेलं तर सव्वाशे मीटरहून जास्त बाजूला पडतं, आणि त्या चॅनेलची रुंदी काही फार नव्हती.

मी म्हटलं, "से अगेन द कोर्स, सर."

थर्ड मेटने माझ्याकडे वळून पाहिलं, रागानेच. पायलटने मात्र मान वळवलीसुद्धा नाही. त्याने आकडे पुन्हा एकेक सुटे करून म्हटले. नाइन होतं. मी परत म्हटलं, चाक फिरवलं, जहाज रेषेवर आलं तसं सांगितलं, "स्टेडी ऑन झीरो फोर नाइन." कॅप्टन मागे उभा होता. तो काही बोलला नाही. पण पुढच्या बंदरापासून पायलट चढायची वेळ झाली की सुकाणावर माझंच नाव लागायला लागलं.

हे मी पोरांना बढाई म्हणून सांगत नाही. विचारणाऱ्या माणसावर वरिष्ठ जास्त विसंबतो, ही गोष्ट त्यांना कोणी सांगितलेलीच नसते.

आमच्या आधीच्या पिढीला हे इंग्रजी लागलं नाही, हेही खरं. आमच्या किनाऱ्यावरची आणि खाली रत्नागिरीकडची माणसं कितीतरी पिढ्या इंग्रजांच्या आगबोटींवर होती. त्यांच्यात आणि गोऱ्या साहेबात सारंग, म्हणजे देशी खलाशांचा मुखिया, उभा असे. साहेबाने सारंगाला सांगायचं, सारंगाने टंडेलाला, टंडेलाने खलाशांना. त्या बोलीत हिंदुस्थानी होती, पोर्तुगीज होतं, अरबी होतं, थोडं इंग्रजी होतं. आरिया म्हटलं की सोडायचं, हाबेस म्हटलं की उचलायचं. गोदीत क्रेनखाली हे शब्द अजून ऐकू येतात. गंमत अशी की तेव्हा शिकायची वेळ साहेबावर होती. टॉमस रोबक नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने १८११ साली कलकत्त्याला इंग्रजी-हिंदुस्थानी असा जहाजी शब्दांचा कोश छापला, तो कशासाठी? तर बोटीवरच्या अधिकाऱ्याला खलाशांशी बोलता यावं म्हणून. मी पहिल्यांदा चढलो ते एका देशी कंपनीच्या मालवाहू बोटीवर. सारंग श्रीवर्धनकडचे होते, आम्ही त्यांना चाचा म्हणायचो. त्यांच्या हाताखाली इंग्रजीचं एक वाक्यही न बोलता पुढचा मागचा सगळा डेक चालायचा.

ती व्यवस्था गेली. आता मोठ्या जहाजावर वीस-पंचवीस माणसं असतात. कॅप्टन युक्रेनचा, चीफ इंजिनिअर कोरियाचा, बोसन फिलिपिन्सचा, आपला पोरगा रेवदंड्याचा. मध्ये सारंग कुठून आणायचा? प्रत्येकाला आपलं आपण ऐकावं लागतं. शिवाय कायदाही आला. खलाशांच्या शिक्षणाचा जो आंतरराष्ट्रीय करार आहे, एसटीसीडब्ल्यू, त्यात ब्रिजवर पाळी करणाऱ्या साध्या खलाशालाही सुकाणाचे हुकूम इंग्रजीत समजले पाहिजेत असं लिहिलेलं आहे. १९९५ साली त्या करारात मोठे बदल झाले, तेव्हापासून कंपन्या परीक्षा घ्यायला लागल्या आणि आमच्यातले कितीतरी जुने, कामाला वाघ असलेले खलाशी घरी बसले. त्यांचं मला अजून वाईट वाटतं. गाठ मारण्यात, रंग काढण्यात, हवा ओळखण्यात त्यांचा हात कोणी धरला नसता.

पण हा आग्रह उगाच धरलेला नाही. एप्रिल १९९० मध्ये स्कँडिनेव्हियन स्टार नावाच्या प्रवासी जहाजाला आग लागली, १५९ माणसं गेली. खलाशी बहुतेक पोर्तुगीज बोलणारे होते, उतारू नॉर्वेचे आणि डेन्मार्कचे. धुरात कोणी कोणाला रस्ता सांगायचा आणि कोणत्या भाषेत? इतक्या लांब जायलाही नको. ७ ऑगस्ट २०१० ला जेएनपीटीतून निघालेली एमएससी चित्रा आणि मुंबईत शिरणारी खलिजिया-३ या बोटींची आपल्या दारात टक्कर झाली. कंटेनर पडले, ते वाहत गेले, उरण-अलिबागच्या किनाऱ्यांवर तेल आलं. मासळीचा हंगाम तोंडावर होता आणि लोक मासळी घ्यायला तयार नव्हते. माझ्या ओसरीवरची पोरं तेव्हा लहान होती, पण त्यांच्या बापांना आठवतं. कोणाचं काय चुकलं याचा खल मी वर्गात करत नाही, ते चौकशी करणाऱ्यांचं काम. पोरांना एवढंच दाखवतो की दोन बोटी समोरासमोर आल्या की त्यांना एकमेकींशी रेडिओवर काय आणि कसं बोलता आलं पाहिजे, आणि न बोलता आलं तर भुर्दंड थेट आपल्या कोळीवाड्याला बसू शकतो. त्या दिवशी पोरं नेहमीपेक्षा लक्ष देऊन ऐकतात.

रेडिओवर काय बोलायचं ते ठरलेलं आहे. आयएमओने, म्हणजे जगाचा दर्या-व्यवहार पाहणाऱ्या संघटनेने, नोव्हेंबर २००१ मध्ये ठरीव वाक्यांचा एक संच मंजूर केला: स्टँडर्ड मरीन कम्युनिकेशन फ्रेजेस. त्याच्याआधी १९७७ चा एक शब्दसंग्रह होता. इंग्रजीची भीती बाळगणाऱ्या पोराला माझ्या मते याच्याइतकं चांगलं पुस्तक नाही, कारण ते मुळातच इंग्रजी ज्याची भाषा नाही अशा माणसासाठी केलेलं आहे. वाक्यं तोकडी. एका गोष्टीला एकच शब्द. बोलण्याआधी आपण काय बोलणार आहोत तेही सांगायची सोय: इन्स्ट्रक्शन, ॲडव्हाइस, वॉर्निंग, इन्फर्मेशन, क्वेश्चन, आन्सर, रिक्वेस्ट, इंटेन्शन. "क्वेश्चन" म्हटलं की ऐकणारा उत्तराच्या तयारीला लागतो, "वॉर्निंग" म्हटलं की हातातलं सोडतो. आपल्याकडे प्रत्येक पोर शाळेत पहिलं वाक्य शिकतं ते "मे आय कम इन, सर". या पुस्तकात "मे आय" चालतच नाही. वाऱ्यात आणि खरखरीत ते परवानगी मागणं आहे की शक्यता सांगणं आहे, हे कळत नाही, म्हणून सरळ विचारायचं: मला आत यायची परवानगी आहे का? पोरांना याचं फार नवल वाटतं. शाळेतलं गोड इंग्रजी बाजूला ठेवायला मिळालं की त्यांची जीभ सुटते, असं मी पाहिलं आहे.

आकड्यांवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो. फिफ्टीन आणि फिफ्टी, थर्टीन आणि थर्टी. आपला माणूस हे शब्द सगळीकडे सारखाच जोर देऊन म्हणतो, त्यामुळे ऐकणारा घोटाळ्यात पडतो आणि ऐकताना आपणही पडतो. परीक्षेत नेमकं तेच विचारतात. जहाजावर यातून वाट अशी काढली आहे की आकडे सुटे बोलायचे. दीडशे म्हणायचं तर वन-फाइव्ह-झीरो. सुकाणाच्या कोनाला मात्र अपवाद आहे, तिथे फिफ्टीन, ट्वेंटी असंच म्हणतात. एका पोराने विचारलं, काका, मग तिथे घोटाळा नाही का होणार? चांगला प्रश्न होता. मी त्यालाच विचार करायला लावलं. रडर साधारण ३५ अंशांपर्यंतच फिरतं, म्हणजे फिफ्टी असणारच नाही. हुकूम पाच-पाचच्या पटीत येतात, म्हणजे थर्टीनही नाही. त्याला ते पटलं, आणि आपण विचारल्यामुळे सगळ्यांना कळलं म्हणून त्याची मान जरा ताठ झाली. त्याच्यानंतर दुसऱ्याने विचारलं, मग तिसऱ्याने.

आकडे बोलायला रोजचा एक धडा आहे, तो मला आवडतो. आमच्याकडे भरतीची वेळ तिथीवरून काढतात. तिथीची पाऊणपट केली की भरतीचे तास निघतात. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला पाणी भरणार. कोळ्याच्या पोराला हे चालता चालता येतं. मी सांगतो, काढ वेळ आणि बोल चोवीस तासांच्या घड्याळात, चार आकडे सुटे. "हाय वॉटर ॲट झीरो सिक्स झीरो झीरो." मग दुसरी भरती केव्हा, ओहोटी केव्हा, आज बोट केव्हा काढायची, सगळं इंग्रजीत. ज्या गोष्टीत आपण हुशार आहोत ती परक्या भाषेत सांगताना माणूस कमी अडखळतो. उलट याच पोराला "माय फेव्हरिट फेस्टिव्हल" वर बोलायला सांगा, तो दोन वाक्यांत थांबेल, कारण त्यावर त्याला कोणाला काही सांगायचंच नसतं.

ऐकण्याचा सराव आम्ही पाठीला पाठ लावून करतो. रेडिओवर समोरच्याचं तोंड दिसत नाही, ओठ दिसत नाहीत, हातवारे दिसत नाहीत. इंग्रजी कच्चं असलेला माणूस अर्धं काम या खुणांवर भागवतो. म्हणून दोघांना ओसरीवर उलट तोंडं करून बसवायचं. एक पायलट, एक सुकाणी. आणि वाडीचा पाण्याचा पंप सुरू करायचा. पंपाची घरघर, वर पावसाचा आवाज, त्यात हुकूम द्यायचा आणि तो परत म्हणायचा. पहिल्या दिवसांत दोघं ओरडतात नाहीतर कुजबुजतात. थेरोंड्याचा एक पोरगा होता, होडीवर त्याचा आवाज शेजारच्या होडीला ऐकू जायचा, पण इंग्रजी आलं की तोंडातल्या तोंडात. मी त्याला म्हटलं, वाऱ्यात जाळं ओढताना तांडेल काय म्हणतो ते परत म्हणतोस ना? कसा म्हणतोस? त्याने म्हणून दाखवलं, कोळी भाषेत, पूर्ण छातीने. म्हटलं, त्याच आवाजात "पोर्ट फाइव्ह" म्हण. म्हटलं त्याने. शेजारच्या वाडीतली म्हातारी काय झालं म्हणून बघायला आली.

पंपाच्या आवाजात न कळलं तर "से अगेन" म्हणायचंच, हा नियम. जो न विचारता अंदाजाने चाक फिरवेल, त्याची पाळी गेली. जो विचारेल, त्याची राहते. पाळी सर्वांनाच हवी असते, त्यामुळे पोरं लवकर विचारायला लागतात. मग मी दुसरी गोष्ट शिकवतो, नेमकं काय कळलं नाही ते विचारायची. सगळं वाक्य परत मागू नका, अडलेला तुकडा मागा. "से अगेन द कोर्स." "से अगेन द टाइम." बोलणाऱ्यालाही बरं वाटतं की बाकीचं पोचलं आहे.

उच्चारांचं म्हणाल तर इंग्रज व्हायची गरज नाही, हे मी ठासून सांगतो. जहाजावर इंग्रजासारखं बोलणारा माणूस विरळा. आपल्याला व्ही आणि डब्ल्यू सारखेच वाटतात, तेवढे वेगळे करा. शब्दाच्या शेवटचं अक्षर गिळू नका. घाई करू नका. बाकी आपला मराठी हेल राहिला तर राहू दे. समोरच्याचा हेल मात्र ओळखीचा करून घ्यावा लागतो. त्यासाठी मोबाइलवर फिलिपिनो, चिनी, रशियन माणसांची इंग्रजी बोलणी रोज ऐकायला लावतो. इंग्लंडच्या बातम्या ऐकून कान तयार होतो असं लोक म्हणतात. होत असेल, पण खलाशाला लागतो तो कान वेगळा.

कोर्लईची पोरं या बाबतीत जरा पुढे असतात, असं माझं निरीक्षण आहे. खाडीपलीकडच्या त्या गावात ख्रिस्ती घरांमध्ये अजून पोर्तुगीजापासून झालेली बोली बोलतात. पोर्तुगीज तिथून १७४० साली गेले, बोली राहिली. घरात एक भाषा, शाळेत आणि बाजारात मराठी. एका भाषेतून दुसरीत जाताना अडखळणं हे त्यांना लहानपणापासून ओळखीचं, त्याची लाज नाही. शिकवून येत नाही अशी ही गोष्ट त्यांना आयती मिळते.

मुलाखतीच्या तयारीबद्दल माझं मत जरा कडक आहे. व्हॉट्सॲपवर तयार उत्तरांचे कागद फिरतात, "मायसेल्फ अमुक अमुक" पासून सुरू होणारे. पोरं ते पाठ करतात. ऑफिसातला माणूस रोज तीच उत्तरं ऐकतो, तो पहिल्याच वाक्याला अडवतो आणि विचारतो, आज सकाळी काय खाल्लंस? स्टेशनवरून इथे कसा आलास? पोराची पाटी कोरी. मार्लिन्सचीच एक बोलण्याची वेगळी चाचणी आहे, तिच्यातही परीक्षकाशी प्रत्यक्ष बोलावं लागतं, पाठांतर तिथे टिकत नाही. म्हणून रोज घरी जाताना प्रत्येकाने दिवसभरात हाताने केलेली एक गोष्ट सांगायची. जाळं कसं विणलं, इंजिनाचं ऑइल कसं बदललं, सुपारी कशी उतरवली. क्रमाने सांगायची, आणि बाकीच्यांनी मध्येच प्रश्न विचारायचे. मोबाइलवर ते रेकॉर्ड करून घरी स्वतःच ऐकायचं. स्वतःचा आवाज ऐकणं पोरांना जड जातं, पण कुठे अडतं ते दुसऱ्याने सांगण्यापेक्षा स्वतःच्या कानाने कळलं तर लवकर सुधारतं.

गेल्या काही वर्षांत मुलीही येऊन बसतात. एक अलिबागला नर्सिंग शिकलेली, तिला इंग्लंडला जायचं होतं. नर्सची परीक्षा वेगळी, आयईएलटीएस नाहीतर ओईटी. ओईटी ही दवाखान्यातल्या माणसांसाठीचीच आहे. बोलण्याच्या भागात परीक्षेला बसणारी नर्स असते आणि समोरचा माणूस रोगी किंवा त्याचा नातेवाईक होतो. मला औषधांतलं काही कळत नाही, मी तिला एवढंच म्हटलं, तू पंपाजवळ बस आणि या पोरांना रोगी समज. तिने एकाला विचारलं कुठे दुखतं, तो काहीतरी पुटपुटला, आणि तिने मान न डोलवता पुन्हा विचारलं, कुठे, नेमकं कुठे, केव्हापासून. तिला माझी काही गरज नव्हती. पोरांनी तिच्याकडून घेतलं.

आता एजंट. याबद्दल मला राग आहे आणि तो लपवायचं कारण नाही. पोरगा परीक्षेला घाबरतो हे ओळखून काही माणसं त्याच्या बापाला गाठतात. परीक्षेचा निकाल आणून देतो, बोटीवर चढवतो, इतके लाख द्या. बाप होडी गहाण टाकतो, आई मंगळसूत्र मोडते. कधी पोरगा परदेशातल्या कुठल्यातरी बंदरात मोडक्या बोटीवर पगाराविना अडकतो, कधी घरीच बसून राहतो. हे मी आमच्या पट्ट्यात पाहिलेलं आहे. म्हणून पोरांच्या आईबापांना बोलावून सांगतो. खलाशाकडून नोकरी लावण्याचे पैसे घ्यायचे नाहीत, असं २००६ च्या सागरी कामगार करारातच आहे, आणि भारताने तो मान्य केलेला आहे. भरती करणाऱ्या कंपनीकडे डीजी शिपिंगचा, म्हणजे सरकारच्या जहाजवाहतूक खात्याचा, आरपीएसएल परवाना लागतो, तो आहे की नाही ते डीजी शिपिंगच्या संकेतस्थळावर पाहता येतं. ते पाहिल्याशिवाय दमडी द्यायची नाही, कागद द्यायचे नाहीत. आणि विकत घेतलेल्या टक्क्यांचं काय होतं तेही सांगतो. कागदावर ८५ टक्के असलेला पोरगा ब्रिजवर उभा राहतो, पायलट हुकूम देतो, आणि पोरगा म्हणतो, "येस सर."

बाप विचारतात, किती दिवसांत बोलायला लागेल? मी मुदत देत नाही. रोज तासभर तोंड उघडणारा पावसाळा संपेपर्यंत सुकाणाचे हुकूम बिनचूक घेतो, एवढं खात्रीने सांगतो. परीक्षेत चांगले टक्के पडायला वाचनही लागतं, त्याला वेळ जातो. त्यासाठी घरात मिळेल ते इंग्रजी वाचायचं: औषधाच्या बाटलीवरचं, रंगाच्या डब्यावरचं, गॅसच्या सिलिंडरवरचं. जहाजावर शेवटी तेच वाचायचं असतं, डब्यावरची धोक्याची सूचना आणि भिंतीवरचं आगीचं पत्रक.

एक उणीव मला जाणवते आहे. मी डेकचा माणूस. इंजिनात जाणाऱ्या पोरांना जे शब्द लागतात, पंप, व्हॉल्व्ह, प्युरिफायर, बॉयलर, त्यांची नावं मला माहीत आहेत, पण बिघाड सांगायची त्यांची तऱ्हा माझ्या तोंडात बसलेली नाही. खाली इंजिनात काहीच ऐकू येत नाही. तिथे खुणा असतात, आणि वर फोन करून काय बिघडलं ते मोजक्या शब्दांत सांगावं लागतं. आता इंजिनाकडे जाणारी पोरं वाढली आहेत. नागावला एक निवृत्त फिटर राहतात, पुष्कळ वर्षं परदेशी बोटींवर काढलेले. त्यांना गाठलं. आधी म्हणाले, मला शिकवता येणार नाही. म्हटलं, शिकवू नका, नुसता पंप उघडा आणि इंग्रजीत बोलत राहा, पोरं विचारतील. वाडीतला जुना पंप तसाही बंद पडलेला आहे. येत्या जूनपासून दर रविवारी यायचं त्यांनी कबूल केलं आहे.